कोच गेला, कोच आला: वेस्ट्स टायगर्सने २०२२ मध्ये हेड कोच कसा निवडला

हे प्रकरण कशाबद्दल आहे

सिडनीच्या वेस्ट्स टायगर्स या रग्बी लीग क्लबने २०२२ च्या जून-जुलैमध्ये नवीन हेड कोच शोधला, त्या शोधाची ही गोष्ट. आपल्याकडे हा खेळ फार कोणी बघत नाही म्हणून आधी थोडं सांगतो. एका टीममध्ये १३ खेळाडू, बॉल तुमच्याकडे असताना समोरच्यांनी तुम्हाला सहा वेळा पाडलं की बॉल त्यांचा. ऑस्ट्रेलियातली सगळ्यात मोठी स्पर्धा म्हणजे एनआरएल, तेव्हा त्यात १६ टीम होत्या, २०२३ पासून १७ झाल्या. आणि महत्त्वाचं म्हणजे तिथे शेवटच्या नंबरवर आलात तरी खालच्या डिव्हिजनमध्ये ढकलत नाहीत, फक्त 'वुडन स्पून' मिळाला असं म्हणतात, म्हणजे नामुष्की पुरेपूर पण जागा शाबूत. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण घाईघाईत निर्णय घ्यायची जी सक्ती इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये खाली घसरणाऱ्या क्लबवर असायची ती इथे नव्हती.

कोच आणि खेळाडूंची नावं घेतोय कारण ती सगळ्यांना माहीत आहेत. बोर्डावरच्या आणि ऑफिसातल्या लोकांची नावं मुद्दाम घेत नाहीये, माणसं बदलली तरी प्रकार तोच राहिला हेच तर मला सांगायचंय.

पार्श्वभूमी

बॅलमेन टायगर्स आणि वेस्टर्न सबर्ब्स मॅग्पाइज, दोन्ही १९०८ पासूनचे क्लब, दोघे एकत्र येऊन वेस्ट्स टायगर्स झाला आणि २००० च्या सीझनपासून खेळायला लागला. एक क्लब शहराच्या आतल्या भागातला, त्याचं मैदान लाइकहार्ट ओव्हल, आणि दुसऱ्याचे चाहते लांब दक्षिण-पश्चिमेला कॅम्पबेलटाउनकडे. म्हणजे जन्मापासूनच दोन घरं, दोन इतिहास, आणि बोर्डात दोन्हीकडची माणसं.

२००५ मध्ये टिम शीन्स कोच असताना त्यांनी फायनलमध्ये नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉइजना ३०-१६ हरवून ट्रॉफी जिंकली. वीस वर्षांच्या बेन्जी मार्शलने मैदानाच्या अर्ध्या भागातून पळत येऊन उलट्या हाताने पॅट रिचर्ड्सला जो पास दिला तो आजही दाखवतात. त्यानंतर २०१० आणि २०११ मध्ये फायनल्स सिरीजपर्यंत, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेरीपर्यंत, पोचले आणि मग बंद. २०१२ च्या शेवटी शीन्सलाच काढलं.

पुढची यादी बघा. मिक पॉटर दोन सीझन. जेसन टेलर २०१५ पासून, २०१७ चा सीझन सुरू होऊन तीन मॅच झाल्या आणि गेला. काही दिवस अँड्र्यू वेब्स्टर तात्पुरता. मग आयव्हन क्लीरी, जो करार २०२० पर्यंत असताना २०१८ नंतर पेनरिथ या सिडनीतल्याच दुसऱ्या क्लबला निघून गेला. मग २०१९ पासून मायकल मग्वायर, ज्याने २०१४ मध्ये साउथ सिडनीला ४३ वर्षांनी ट्रॉफी मिळवून दिली होती. मग्वायरच्या हाताखाली टीम नववी, अकरावी, तेरावी. दरवर्षी दोन पायऱ्या खाली.

आणि खेळाडूंचं काय? २०१७ मध्ये टेडेस्को, मोझेस, वूड्स आणि ब्रूक्स या चौघांचे करार एकाच वेळी संपत होते, क्लबने ही वेळ स्वतःवर येऊ दिली हीच मुळात चूक, त्यातले तिघं गेले, एकटा ब्रूक्स राहिला. टेडेस्को रूस्टर्सकडे जाऊन २०१८ आणि २०१९ ची ट्रॉफी जिंकला.

अडचण नेमकी काय होती

२०२१ च्या शेवटी क्लबने आढावा घेतला, मग्वायरला ठेवलं, आणि शीन्सला फुटबॉलचं (तिथे रग्बी लीगलाच फुटबॉल म्हणतात) काम बघायला परत आणलं. कोचला ठेवायचं पण त्याच्यावर त्याच्याहून मोठ्या नावाचा, क्लबला एकमेव ट्रॉफी देणारा माणूस आणून बसवायचा. माझ्या मते पहिला निर्णायक क्षण हाच होता आणि यावर फारसं कोणी बोलत नाही. कोचवर विश्वास असेल तर त्याला मोकळं सोडा, नसेल तर तेव्हाच, सीझन संपल्यावर, बाजारात माणसं मोकळी असताना बदला. यांनी यातलं एकही केलं नाही.

२०२२ सुरू झाला आणि पहिल्या पाचही मॅच हरले. मध्ये इस्टर मंडेला पॅरामॅटाला एका पॉइंटने आणि मग साउथला एका पॉइंटने हरवलं, दोन आठवडे सगळं छान वाटलं, परत घसरण. जूनमध्ये, सीझन अर्ध्यावर असताना मग्वायरला काढलं आणि ब्रेट किमर्लीला उरलेल्या सीझनसाठी तात्पुरता कोच केलं.

आता सगळ्यांना वाटत होतं की अडचण म्हणजे 'चांगला कोच मिळत नाही'. पण मागे वळून बघितलं तर हे टिकत नाही हो. क्लीरीने इथून गेल्यावर पेनरिथला २०२१ ते २०२४ सलग चार ट्रॉफ्या दिल्या. वेब्स्टर २०२३ मध्ये न्यूझीलंडच्या वॉरियर्स क्लबचा कोच झाला, पहिल्याच वर्षी टीमला चौथ्या नंबरवर नेलं आणि वर्षातला सर्वोत्तम कोच ठरला. मग्वायरने न्यूझीलंडच्या राष्ट्रीय टीमला २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियावर ३०-० असा विजय मिळवून दिला, २०२४ मध्ये न्यू साउथ वेल्सला ओरिजिन सिरीज (क्वीन्सलंडविरुद्धची दोन राज्यांची सिरीज) जिंकून दिली आणि २०२५ मध्ये ब्रिस्बेन ब्रॉन्कोजला ट्रॉफी. म्हणजे या क्लबकडे माणसं चांगलीच आली होती, एकामागून एक. इथे ती हरली आणि बाहेर जाऊन जिंकली. २०२२ च्या जूनमध्ये यातलं बरंचसं अजून घडायचं होतं हे मान्य, पण क्लीरीची एक ट्रॉफी तेव्हा डोळ्यासमोर होती आणि टेडेस्कोच्या दोन होत्या, तेवढं पुरेसं होतं विचार करायला.

कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला किती पैसे, कोणाचा करार कधी वाढवायचा, हे नक्की कोण ठरवतं याचं उत्तर दर एक-दोन वर्षांनी बदलत होतं. सात सुगरणी, भाजी अळणी.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, मग्वायरला सीझन संपेपर्यंत ठेवायचं. तो त्यांनी जूनमध्येच मोडीत काढला.

दुसरा, किमर्लीकडे टीम सोपवून सप्टेंबरपर्यंत शांतपणे शोधायचं. खाली जायची भीती नाही त्यामुळे हे जमलं असतं, पण यात एक खरी अडचण होती ती सांगायला हवी. त्याच वेळी बुलडॉग्स आणि वॉरियर्स हे दोन क्लबसुद्धा कोच शोधत होते. तीन खुर्च्या रिकाम्या आणि सगळ्यांची नजर साधारण त्याच चार-पाच लोकांवर. थांबलात तर माणूस हातचा जाणार.

तिसरा, उगवता असिस्टंट. पेनरिथचा कॅमेरॉन सिराल्डो तेव्हा सगळ्यांच्या यादीत वरती होता. २०१८ मध्ये त्याने पेनरिथची टीम सीझनच्या शेवटी काही काळ सांभाळली होती, मग क्लीरीच्या हाताखाली ट्रॉफी जिंकणाऱ्या स्टाफमध्ये होता. टायगर्सने त्याच्यासमोर पाच वर्षांची ऑफर ठेवल्याचं सगळीकडे छापून आलं. पाच वर्षं म्हणजे या क्लबच्या मानाने फार मोठी गोष्ट, आणि मला वाटतं हा विचार योग्यच होता.

चौथा, घरचा माणूस. शीन्स क्लबमध्ये आहेच, चार ट्रॉफ्या जिंकलेला, कॅनबेराच्या तीन आणि इथली एक, ऑस्ट्रेलियाचा २०१३ चा वर्ल्ड कप जिंकणारा कोच. वय ७१. आणि त्याच्याबरोबर बेन्जी मार्शल, जो २०२१ च्या फायनलमध्ये साउथकडून शेवटची मॅच खेळून नुकताच रिटायर झाला होता. कोचिंगचा अनुभव म्हणाल तर शून्य.

कलाटणी: सिराल्डोचा नकार

जुलैमध्ये सिराल्डोने नाही म्हटलं. आणि थोड्याच आठवड्यांत बुलडॉग्सशी पाच वर्षांचा करार केला.

इथे जरा थांबू या, कारण सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची माहिती या नकारात होती. बुलडॉग्स काही वरच्या नंबरवरची टीम नव्हती, २०२१ मध्ये वुडन स्पून त्यांनाच मिळाला होता, २०२२ मध्येही त्यांनी मध्यातच कोच गमावला होता. त्यामुळे 'हरणाऱ्या टीमकडे कोणी येत नाही' हे कारण लागू पडत नाही. करार दोन्हीकडे पाच वर्षांचा, मग तेही कारण गेलं. एक फरक मात्र उघड दिसतो. बुलडॉग्समध्ये फुटबॉलचा कारभार फिल गूल्डकडे होता, गूल्ड आधी अनेक वर्षं पेनरिथमध्ये होता, सिराल्डो त्याला ओळखत होता, म्हणजे रोज कोणाशी बोलायचं आहे आणि शेवटचा शब्द कोणाचा हे त्याला सही करायच्या आधी माहीत होतं. त्याच्या मनात नेमकं काय होतं ते त्याचं त्याला, पण क्लबने स्वतःला एवढा तरी प्रश्न विचारायला हवा होता की आमच्याकडे आला असता तर शेवटचा शब्द कोणाचा असतो हे आम्ही त्याला एका वाक्यात सांगू शकलो असतो का.

त्याच जुलैमध्ये वॉरियर्सने वेब्स्टरला घेतलं, तोही तेव्हा पेनरिथचा असिस्टंट, आणि पूर्वी टायगर्समध्येच काम केलेला. पेनरिथचे दोन असिस्टंट दोन प्रतिस्पर्धी क्लबकडे गेले आणि टायगर्सकडे कोणीच नाही. आणि वेब्स्टरला तर आतलं सगळं माहीत होतं.

काय ठरवलं

नकारानंतर लगेच, जुलैमध्येच, क्लबने जाहीर केलं की २०२३ आणि २०२४ ला शीन्स हेड कोच, मार्शल त्याचा असिस्टंट, आणि २०२५ पासून मार्शल हेड कोच. मार्शलचा एकूण करार पाच वर्षांचा. क्लबचा जुना खेळाडू रॉबी फारासुद्धा स्टाफमध्ये. चाहत्यांना गहिवरून येईल अशीच योजना होती, २००५ ची माणसं परत घरी.

मी या योजनेला सरसकट वाईट म्हणणार नाही. वारस आधीच ठरवणं, त्याला अनुभवी माणसाच्या बाजूला बसवून तयार करणं, ही चांगली कल्पना आहे आणि दर दोन वर्षांनी शून्यापासून सुरुवात करणाऱ्या क्लबला तर फारच गरजेची. पण तीत दोन भोकं होती. एक म्हणजे हस्तांतरणाची फक्त तारीख ठरली, अट ठरली नाही. मार्शल तयार झाला हे कशावरून ओळखायचं, आणि शीन्सची टीम पहिल्याच वर्षी कोसळली तर काय करायचं, याचं उत्तर बाहेर तरी कुठे दिसलं नाही, आणि वेळ आली तेव्हा आतही तयार नव्हतं असंच वागण्यावरून वाटलं. दुसरं म्हणजे शीन्स खालच्या खुर्चीत बसल्यावर वरच्या खुर्चीचं काय? कोचवर लक्ष ठेवायला आणि कोचच्या बाजूने बोर्डासमोर उभं राहायला जो माणूस आणला होता तोच आता कोच.

पुढे काय झालं

२०२२ चं उरलेलं: किमर्लीच्या हाताखाली एकच मॅच जिंकली, रूस्टर्सकडून ७२-६ असा मार खाल्ला, एकूण चार विजय, वीस पराभव आणि क्लबच्या इतिहासातला पहिला वुडन स्पून.

२०२३ ला पेनरिथहून आपी कोरोइसाऊ आणि पॅरामॅटाहून पापालीई असे मोठे खेळाडू आले. पहिल्या सातही मॅच हरले. मग बॅथर्स्टला चक्क चॅम्पियन पेनरिथला १२-८ हरवलं. मे महिन्यात लाइकहार्टवर काउबॉइजना ६६-१८ असं धुतलं. आणि १ जुलैला टाउन्सव्हिलला त्याच काउबॉइजनी ७४-० असं यांना धुतलं. सहा आठवड्यांत त्याच दोन टीम. ज्याने हा निकाल बघितला असेल त्याला कळेल की हा खेळाडूंच्या पायातल्या ताकदीचा प्रश्न नव्हता.

त्याच राउंडमध्ये बुलडॉग्स न्यूकॅसलकडून ६६-० हरले! सिराल्डोचे बुलडॉग्स. म्हणजे ज्याने टायगर्सला नाही म्हटलं त्याचीही तीच अवस्था, एकाच वीकेंडला. आणि दोन्ही क्लबनी पुढे जे केलं त्यात सगळा फरक आहे. बुलडॉग्स २०२३ ला पंधरावे आले, सिराल्डोला हात लावला नाही, त्याला हवे तसे खेळाडू आणत राहिले, २०२४ ला सहावे, २०२५ ला तिसरे. टायगर्सने दोन महिन्यांत योजना बदलली. २०२३ चा सीझन संपता संपता शीन्स बाजूला झाला आणि मार्शल ठरल्याच्या एक वर्ष आधी हेड कोच झाला. दुसराही वुडन स्पून, परत चार विजय.

दोन वर्षांची तयारी एक वर्षावर आली, आणि तेही वर्ष असं की शिकायला मिळालं तर फक्त हरणं कसं असतं ते. मार्शलबद्दल मला मनापासून वाईट वाटतं इथे. खेळाडू म्हणून एवढा देखणा माणूस, त्याला आपण काय काम दिलं, कोणत्या तयारीवर दिलं, याचा विचार करणारं कोणीतरी त्या खोलीत हवं होतं.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये बाहेरच्या लोकांनी केलेला आढावा आला, त्यानंतर अध्यक्ष आणि सीईओ दोघेही गेले, बोर्ड बदललं, अनुभवी सीईओ आला. हे सगळं कोच निवडल्यावर जवळजवळ दीड वर्षाने! नव्या लोकांनी मार्शलला बदललं नाही, उलट त्याच्यासाठी टीम बांधायला घेतली. २०२४ च्या सुरुवातीलाच जरोम लुआईला पुढच्या वर्षीपासून आणायचं पक्कं केलं, पाच वर्षांसाठी. २०२४ मैदानावर परत वाईटच गेलं, शेवटच्या राउंडला 'जो हरेल तो शेवटचा' अशा मॅचमध्ये पॅरामॅटाने ६०-२६ हरवलं आणि सलग तिसरा वुडन स्पून. पण विजय सहा झाले होते, आणि यावेळी कोणी कोचला काढायची भाषा केली नाही.

२०२५ ला लुआईबरोबर टेरेल मे, सुनिया तुरुवा वगैरे आले. मध्येच तरुण लॅकलन गॅल्विनने करार वाढवणार नाही असं सांगितलं, बराच गोंधळ झाला, तो सीझनच्या मध्यात बुलडॉग्सकडे गेला. आधीच्या टायगर्समध्ये एवढ्यावर सीझन बुडाला असता. नऊ मॅच जिंकले, तेराव्या नंबरवर आले. तेरावा म्हणजे मोठं काही नाही, मग्वायरचा २०२१ चा नंबर हाच होता, फक्त यावेळी दिशा वरची होती. आणि डिसेंबर २०२५ मध्ये बोर्डात परत उलथापालथ, तो सीईओसुद्धा गेला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी क्रम. आढावा आधी, बोर्डाची साफसफाई आधी, खेळाडू कोण निवडणार हे लेखी आधी, आणि मग कोचच्या मुलाखती. जूनमध्ये कोच काढल्यावर वरच्यांवरचा दबाव एकदम कमी होतो, पेपरवाले पुढचा कोण यात गुंततात, आणि खरा आढावा राहून जातो. खाली जायची भीती नसलेल्या लीगमध्ये किमर्लीकडे टीम देऊन वरच्या मजल्यावरचं काम तीन महिन्यांत करता आलं असतं. यात वेब्स्टर आणि सिराल्डो दोघेही हातचे गेले असते हे खरं, पण ते तसेही गेलेच.

दुसरं, नकार देणाऱ्या माणसाकडे परत जायला हवं होतं. ऑफर वाढवून नव्हे, विचारायला. जो माणूस आता तुमच्याकडे येणारच नाही तो खरं बोलायची शक्यता जास्त. सिराल्डोकडे, जमलं तर क्लीरी आणि वेब्स्टरकडेसुद्धा, आणि मग्वायरकडे तर नक्कीच. चौघांना वेगवेगळं भेटून एकच विचारायचं, इथे काम करताना, किंवा इथे यायचा विचार करताना, कोणता निर्णय तुमचा असायला हवा होता आणि नव्हता. चार उत्तरं शेजारी ठेवली असती तर कोचच्या जागेची जाहिरात काय द्यायची तेसुद्धा कळलं असतं.

तिसरं, मार्शल. त्याला कोच करायचाच होता तर करा, पण २०२३ ला स्वतःच्याच क्लबमध्ये बसवण्यापेक्षा एक-दोन वर्षं दुसऱ्या चांगल्या क्लबमध्ये असिस्टंट म्हणून पाठवायचं, किंवा ज्युनियर नाहीतर रिझर्व्ह टीम पूर्ण त्याच्या हातात द्यायची, जिथे तो चुकला तरी पहिल्या पानावर येणार नाही. यावर लोक म्हणतात की दुसऱ्या क्लबमध्ये गेला असता तर परत आलाच नसता. शक्य आहे. पण मग पाच वर्षांचा करार कशासाठी होता, त्यातच ही सोय घालता आली असती.

आणि शीन्सचं सांगायचं तर त्याचा अनुभव वाया गेला तो खुर्ची चुकल्यामुळे. ७२ वर्षांच्या, चार ट्रॉफ्या जिंकलेल्या माणसाला रोज मैदानावर उभं करण्यापेक्षा वरच ठेवून, बाहेरचा एखादा चाळिशीतला कोच आणि मार्शल हे दोघे त्याच्या सावलीत काम करतायत अशी मांडणी केली असती तर २०२३ च्या जुलैमध्ये, ७४-० नंतरच्या सोमवारी, बोर्डाच्या खोलीत जाऊन 'याला हात लावायचा नाही' असं सांगणारं एक वजनदार माणूस क्लबकडे असतं. बुलडॉग्सकडे त्या सोमवारी गूल्ड होता.